९९.८% पॉझिटिव्ह आणि लेन्सच्या आत बुरशी : लिलाव साइटवरच्या विक्रेत्याला तुम्ही गुण कसे देता?

काचवेडा (धागाकर्ता)
शनिवार, २२:१४

गेल्या महिन्यात एका लिलाव साइटवर (नाव देत नाही, नाहीतर सगळा धागा त्या साइटवरच घसरेल) एक जुनी मॅन्युअल फोकसची लेन्स घेतली. शेवटच्या मिनिटाला दोघांशी झुंजून बोली जिंकली, त्यामुळे आनंद जरा जास्तच. विक्रेत्याचं रेटिंग ९९.८%. वर्णनात 'काच स्वच्छ, ओरखडे नाहीत'. फोटो सात, सातही बाहेरून.

पार्सल उत्तम बांधलेलं, बबल रॅपचे तीन थर. लेन्स हातात घेतली, मागून मोबाइलचा टॉर्च मारला, तर आतल्या काचेवर कडेकडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. बुरशी. ओरखडे खरोखरच नव्हते, तेवढं मान्य.

विक्रेत्याला फोटो पाठवले. तासाभरात गोड शब्दांत उत्तर आलं : मला कल्पना नव्हती, माफ करा, तुम्ही पॉझिटिव्ह फीडबॅक दिलात की अर्धे पैसे परत करतो.

तीन दिवस हे डोक्यात घोळतंय. माणूस उर्मट नाही. फसवणूक म्हणावी तर त्याने मुद्दाम केलं याला पुरावा नाही. निगेटिव्ह द्यावं तर अर्ध्या पैशांवर पाणी. पॉझिटिव्ह द्यावं तर पुढचा कोणीतरी तोच आकडा बघून बोली लावणार, जशी मी लावली. आणि माझ्याआधी किती जण असे अर्धे पैसे खिशात घालून हिरवा शेरा देऊन गेले असतील?

तर सांगा, विक्रेत्याला गुण देताना तुम्ही काय बघता? आणि घेताना तो आकडा कसा वाचता?

टवाळपोर
शनिवार, २२:३१

रुमाल टाकून ठेवतो.
अवांतर : बुरशी 'सोबत मोफत' या सदरात टाकायला हवी होती त्याने.

मधुमालती
शनिवार, २२:५८

आधी पैशांचं बघा, तत्त्वज्ञान नंतर. फीडबॅकच्या बदल्यात रिफंड, ही अट मोठ्या साइट्सच्या नियमांत बसत नाही. ईबेवर तर दोन्ही बाजूंनी मनाई आहे : विक्रेत्याने चांगल्या शेऱ्यासाठी पैसे अडवायचे नाहीत आणि खरेदीदारानेही 'जास्तीचं दे, नाहीतर निगेटिव्ह टाकतो' असं धमकवायचं नाही. तुमच्या साइटचे नियम वाचा. त्याने ती ऑफर साइटच्या मेसेजमध्येच दिली असेल तर तो आयता पुरावा आहे. तिथेच उत्तर द्या, फोनवर किंवा बाहेर बोलू नका. आणि 'वस्तू वर्णनाप्रमाणे नाही' या कारणाखाली रीतसर तक्रार नोंदवा. तक्रारीला मुदत असते, ती चुकवू नका.

शेरा आत्ता टाकू नका. आधी निकाल, मग शेरा.

काचवेडा
शनिवार, २३:०६

मेसेज साइटवरच आहे. आज रात्रीच तक्रार टाकतो. धन्यवाद ताई.

आकडेमोड
रविवार, ०९:२०

मूळ प्रश्नाकडे येतो. ९९.८% बघून बोली लावली म्हणताय, पण त्या आकड्यात माहिती फार थोडी असते. कारण सगळेच ९९ च्या आसपास असतात.

ही गुणपद्धत जन्माला आली तेव्हाचा हेतू साधा होता. पिअर ओमिड्यारने १९९५ मध्ये 'ऑक्शनवेब' सुरू केली, तीच पुढची ईबे. पहिली विकली गेलेली वस्तू म्हणजे बिघडलेला लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. लोकांची भांडणं त्याच्याच इनबॉक्समध्ये यायला लागली, तेव्हा १९९६ च्या फेब्रुवारीत त्याने फीडबॅक फोरम उघडला : एकमेकांबद्दल चारचौघांत बोला, चांगलंही आणि वाईटही. अधिक एक, शून्य, उणे एक. बस.

गंमत पुढे आहे. पॉल रेस्निक आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी १९९९ मधले ईबेचे व्यवहार तपासले, निबंध २००२ चा. निम्म्याहून किंचित जास्त खरेदीदारांनीच शेरा दिला होता, ५२.१%. दिलेल्यांपैकी ९९.१% पॉझिटिव्ह, ०.६% निगेटिव्ह, ०.३% न्यूट्रल. आता मला सांगा, अनोळखी माणसाकडून न बघता घेतलेल्या जुन्या वस्तूंमध्ये हजारी सहा जणच नाखूश असतील? उरलेले नाखूश त्या ४८ टक्क्यांत दडलेत. ते काहीच न बोलता निघून गेले.

म्हणून आकडा वाचायचा तर गप्प बसलेल्यांना मोजावं लागतं. समजा दोन विक्रेते, दोघांचे हजार हजार व्यवहार. पहिल्याला ५९४ पॉझिटिव्ह, ६ निगेटिव्ह, ४०० जण गप्प. दुसऱ्याला ३९६ पॉझिटिव्ह, ४ निगेटिव्ह, ६०० गप्प. प्रोफाइलवर दोघेही ९९%. एकूण व्यवहारांनी भागलं तर पहिला ५९.४%, दुसरा ३९.६%. क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस यांनी ईबेच्या आतल्या डेटावर हेच करून पाहिलं. पॉझिटिव्ह भागिले एकूण व्यवहार, हे गुणोत्तर खरेदीदार पुन्हा साइटवर येतो की नाही हे सांगायला प्रोफाइलवरच्या टक्केवारीपेक्षा कितीतरी उपयोगी निघालं. अडचण एवढीच की गप्प बसलेल्यांचा आकडा साइटला दिसतो, आपल्याला नाही.

उंबरठा
रविवार, ०९:४४

प्रतिसाद आवडला. पण लोक गप्प का बसतात? मी तरी आळसाने बसतो. वस्तू चांगली आली की विसरतो, वाईट आली की बोंब मारतो. मग उलट निगेटिव्ह जास्त दिसायला नकोत का?

आकडेमोड
रविवार, १०:०२

तुम्ही बोंब मारता, कारण आज तुमचं कोणी काही वाकडं करू शकत नाही. पूर्वी विक्रेताही खरेदीदाराला गुण द्यायचा. तुम्ही निगेटिव्ह दिलं की दहा मिनिटांत तुमच्या नावावर निगेटिव्ह. मग दोघंही एकमेकांकडे बघत बसायचे, आधी तू की आधी मी. तक्रार असलेले लोक तर मुदत संपता संपता, शेवटच्या घटकेला शेरा टाकायचे, उलट वार करायला समोरच्याला वेळच उरू नये म्हणून. शिवाय दोघांच्या संमतीने शेरे मागे घ्यायची सोय होती. म्हणजे आधी सूड म्हणून निगेटिव्ह ठोकायचं, मग 'चला, दोघंही मागे घेऊ'. ईबेने मे २००८ मध्ये विक्रेत्यांचा हा अधिकार काढून घेतला. तेव्हापासून विक्रेता खरेदीदाराला पॉझिटिव्ह देऊ शकतो, नाहीतर गप्प बसू शकतो.

जुनीघडी
रविवार, ११:३७

मी दुसऱ्या बाजूचा. नोकरीतून निवृत्त झाल्यावर चावीची मनगटी घड्याळं दुरुस्त करून ऑनलाइन लिलावात विकतो, सात वर्षं झाली. वरचं वाचून वाटेल की विक्रेते म्हणजे रेटिंगच्या आड लपलेले लबाड. थोडं आमचंही ऐका.

माझं पहिलं निगेटिव्ह ६३व्या विक्रीला आलं. लिस्टिंगमध्ये ठळक लिहिलं होतं, 'दिवसाला साधारण ४ मिनिटं मागे पडतं, दागिना म्हणून घ्यावं'. घेणाऱ्याने शेरा दिला, 'वेळ बरोबर दाखवत नाही'. झालं. त्याला घड्याळ परत घेतो म्हणालो, पूर्ण पैसे देतो म्हणालो, जाण्यायेण्याचा खर्चही माझा. उत्तरच नाही. शेरा मात्र कायम. पुढच्या दोन लिलावांत मागच्या वेळेइतके बोली लावणारेच आले नाहीत. माझी चूक काय, तर खरं लिहिलं आणि ते वाचलं गेलं नाही.

दुसरं दुखणं तारे. एक बाई आनंदात मेसेज करतात, 'फार सुंदर घड्याळ, वडिलांना आवडलं', आणि पाचपैकी चार देतात. विचारलं तर म्हणतात, पाच मी कुणालाच देत नाही, परिपूर्ण असं काही नसतं. त्यांच्या मनात चार म्हणजे 'छान'. साइटच्या हिशेबात चार म्हणजे ह्या माणसाकडे लक्ष ठेवा.

आणि टपाल. पार्सल मी दुसऱ्या दिवशी सकाळी टाकतो, ट्रॅकिंग नंबर देतो. वाटेत ते नऊ दिवस पडून राहिलं तर तारा माझा जातो.

काचवेडा साहेब, तुमचा विक्रेता मला चुकीचाच वाटतो, अट घालणं तर साफ चूक. पण घाबरलेला माणूस असं करतो हेही मला ठाऊक आहे. एक लाल ठिपका काय करतो ते मी बघितलंय.

मधुमालती
रविवार, ११:५५

घाबरलेला होता तर विकण्याआधी टॉर्च मारायचा होता ना.

जुनीघडी
रविवार, १२:०१

बरोबर आहे. :)

आकडेमोड
रविवार, १२:४०

जुनीघडी यांच्या अनुभवाला दुजोरा आहे. लुईस कॅब्राल आणि अली होर्ताचसू यांच्या २०१० च्या अभ्यासात, पहिलं निगेटिव्ह येईपर्यंत विक्रेत्याची विक्री आठवड्याला सरासरी ५ टक्क्यांनी वाढत होती, ते आल्यावर ८ टक्क्यांनी घटायला लागली. आणि पहिल्यानंतरची निगेटिव्ह जास्त झपाट्याने येतात. का, यावर वाद घालता येईल. लोकांना खोट काढायला धीर येतो की विक्रेत्याचं मन उडतं?

चांगल्या नावाची किंमतही मोजली गेली आहे. रेस्निक आणि मंडळींनी एका मुरलेल्या विक्रेत्याकडून जुनी पोस्टकार्डं ईबेवर विकली. तशीच पोस्टकार्डं त्यानेच कोऱ्या, नव्या नावांनीही विकली. माल तसाच, माणूस तोच. जुन्या नावाला खरेदीदार ८.१% जास्त द्यायला तयार होते. नवीन नावांवर मुद्दाम एक-दोन निगेटिव्ह पाडून पाहिली, तर किमतीत फारसा फरक पडला नाही. नवख्यावर मुळातच भरवसा नसतो, त्यात आणखी काय कमी होणार?

उंबरठा
रविवार, १३:१५

म्हणजे नाव कमवायला वर्षं लागतात आणि विकत घ्यायला? मला आठवतंय, एकेकाळी १ सेंटला ई-पुस्तकं विकणारे ढिगाने होते. पुस्तकात काही नसायचं. घ्यायचं, दोघांनी एकमेकांना पॉझिटिव्ह द्यायचं, आणि दोनशे व्यवहार झाले की लॅपटॉपची लिस्टिंग टाकायची.

आकडेमोड
रविवार, १३:२८

+१. तोच तो बाजार. ईबेने २००८ मध्ये डिजिटल माल लिलावातून बाहेर काढला, त्यामागे हे कारण होतंच. म्हणून प्रोफाइल उघडल्यावर मी टक्केवारीआधी बघतो की माणसाने आजवर विकलंय काय. चारशे व्यवहार मोबाइलच्या कव्हरचे आणि आज अचानक दहा महागडे कॅमेरे, तर मी त्या वाटेला जात नाही. दुसऱ्याच्या जुन्या खात्यात घुसून त्याच्या चांगल्या नावावर विकणारेही असतात. दोन वर्षं शांत असलेलं खातं एकदम गजबजलं तर शंका घ्यावी.

टवाळपोर
रविवार, १३:३३

थोडक्यात, स्थळ बघायला गेल्यासारखं. पगार नाही, आधी काय करत होता ते विचारा.

शून्यलब्धी
रविवार, १६:१०

पहिल्यांदाच लिहितेय, वाचनमात्र होते. मला एक सांगा. १००% वाला विक्रेता (३० व्यवहार) आणि ९९.२% वाला (३००० व्यवहार) यांत निवडायचं तर? मी नेहमी १००% वर जाते.

आकडेमोड
रविवार, १६:४५

स्वागत. संख्याशास्त्रात 'तीनचा नियम' आहे : n वेळा पाहिलं आणि एकदाही बिघाड दिसला नाही, तर बिघाडाचा खरा दर साधारण ३/n पर्यंत असू शकतो, ९५% खात्रीने. ३० व्यवहार, एकही तक्रार नाही, म्हणजे खरा दर १०% पर्यंत असू शकतो. ३००० वाल्याचे २४ लाल आहेत, पण त्याचा दर ०.८% च्या आसपास आहे हे आपल्याला बऱ्यापैकी पक्कं माहीत आहे. शिवाय २४ शेरे वाचायला मिळतात. मी दुसऱ्याकडून घेईन.

मधुमालती
रविवार, १७:२०

ते २४ वाचायचेच. मी हिरवे शेरे वाचतच नाही. 'झकास!!! पुन्हा घेणार!!!' आणि मागे बारा अधिकची चिन्हं, यातून काय कळणार? लाल शेरे आणि त्याखाली विक्रेत्याने दिलेली उत्तरं वाचते. उत्तरात माणूस उघडा पडतो. 'टपालात फुटलं, पैसे दिले' असं लिहिणारा वेगळा आणि 'हा खरेदीदार खोटारडा आहे, याला ब्लॉक करा' लिहिणारा वेगळा. तारखाही बघते. सगळे लाल गेल्या दोन महिन्यांतले असतील तर काहीतरी बिघडलंय. ईबेची टक्केवारी तर गेल्या १२ महिन्यांवरच काढलेली असते, त्याआधीचं नाव हवेत.

आणि न्यूट्रल विसरू नका. ईबेच्या टक्केवारीत न्यूट्रल धरलाच जात नाही, फक्त पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह. भिडस्त लोक सगळं खरं न्यूट्रलमध्ये लिहून ठेवतात.

जुनीघडी
रविवार, १८:०५

हे मात्र लाखातलं बोललात. मी पण दुसऱ्यांकडून सुटे भाग घेताना न्यूट्रलच चाळतो.

एक भर. साइट्सना स्वतःलाच आता ताऱ्यांवर भरवसा उरलेला नाही. ईबेने २०१६ पासून विक्रेत्याचा दर्जा ठरवताना फीडबॅक बाजूला ठेवला. विक्रेत्याने रद्द केलेले व्यवहार, त्याने न सोडवलेल्या तक्रारी, पार्सलला झालेला उशीर, अशा मोजता येणाऱ्या गोष्टी धरतात. मला ते पटलं. चार की पाच या वादात माझं पोट अडकत नाही.

काचवेडा
बुधवार, २१:५०

अपडेट. साइटने माझ्या बाजूने निकाल दिला. लेन्स परत पाठवली, विक्रेत्याला मिळाली, पूर्ण पैसे आले. ताईंचा सल्ला कामी आला.

आता शेरा. मर्यादा ८० अक्षरांची. आणि गंमत म्हणजे देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं सुटं सुटं मोजतात, जोडाक्षरातला मोडका पायसुद्धा. 'लेन्सच्या' ही नऊ अक्षरं!

पहिला मसुदा : 'वर्णनात खोटं!! बुरशी!! कोणीही घेऊ नका!!'

जुनीघडी
बुधवार, २२:०४

यातून पुढच्याला काय कळणार? तुम्ही चिडलात एवढंच. काय झालं ते लिहा, मत त्यांचं त्यांना बनवू द्या. आणि पॅकिंग चांगलं होतं म्हणालात ना, तेही लिहा. ते खरं आहे, शिवाय पुढचं वाचणाऱ्याला खरं वाटतं.

काचवेडा
बुधवार, २२:२५

'लेन्सच्या आत बुरशी, वर्णनात उल्लेख नाही. पॅकिंग उत्तम. रिफंड फीडबॅकच्या अटीवर.' मोजून ७८.

मधुमालती
बुधवार, २२:३१

शेवटचं वाक्य आता खरं नाही. अट त्याने घातली होती, पैसे तुम्हाला साइटने मिळवून दिले.

काचवेडा
बुधवार, २२:४८

'लेन्सच्या आत बुरशी, वर्णनात उल्लेख नाही. पॅकिंग उत्तम. पैसे साइटमार्फत परत.' ७५.

निगेटिव्ह की न्यूट्रल? पैसे परत आल्यावर निगेटिव्ह देताना हात अडखळतोय.

उंबरठा
बुधवार, २२:५५

न्यूट्रल. मिटलं ना प्रकरण.

मधुमालती
बुधवार, २२:५७

निगेटिव्ह. मिटवलं साइटने, त्याने नाही. असे अडखळलेले हात मिळूनच ९९.८% होतं.

जुनीघडी
बुधवार, २३:१२

विक्रेता असूनही सांगतो, निगेटिव्ह. तो अट न घालता अर्धे किंवा पूर्ण पैसे देतो म्हणाला असता तर मी न्यूट्रल म्हटलं असतं.

काचवेडा
गुरुवार, ०८:१५

दिलं निगेटिव्ह. त्याचे वर्षभरातले ५१२ हिरवे आणि १ लाल होता, आता २ लाल. ९९.८ चं ९९.६ झालं. एवढ्यासाठी पाच दिवस डोकं पिकवलं.

खाली त्याचं उत्तरही आलंय : 'जुन्या लेन्समध्ये टॉर्च मारून बघणारे पहिलेच ग्राहक.' आणि मला ब्लॉक केलंय.

टवाळपोर
गुरुवार, ०८:२२

हे तर कौतुक झालं. सही म्हणून वापरा.

शून्यलब्धी
पुढचा मंगळवार, १९:४०

धागा वर काढतेय. काचवेडा, त्या लेन्सचं पुढे काय झालं?

काचवेडा
मंगळवार, २०:३०

ब्लॉक आहे म्हणून लॉगिन न करता पाहिलं. पुन्हा लिलावात आहे, सिरियल नंबरचे शेवटचे आकडे तेच. 'काच स्वच्छ' काढून आता लिहिलंय, 'काच वयोमानाप्रमाणे'.

टवाळपोर
मंगळवार, २०:३४

सगळ्यांचंच होतं हो.

मधुमालती
मंगळवार, २०:४१

फोटो किती आहेत?

काचवेडा
मंगळवार, २०:५२

आठ. आठवा मागून उजेड टाकून काढलेला आहे. शोधलं तर जाळं दिसतं.